लॅपटॉप तापून बंद पडतो आणि कंपनी म्हणते ‘नॉर्मल आहे’: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

जुलै 2023. त्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या सेवा केंद्राच्या ओट्यावर सकाळी सातपासून माणसं सातबारा आणि आधारची झेरॉक्स घेऊन बसलेली असायची. दुपारी एका आजोबांचा फॉर्म भरत होतो. गट नंबर टाकला, क्षेत्र टाकलं, पीक सोयाबीन निवडलं, पासबुकाचा फोटो चढत होता आणि पडदा काळा झाला. इतका वेळ घोंघावणारा फॅन एकदम गप्प. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट लावलं तर चहाच्या पातेल्याला लागावा तसा चटका बसला. आजोबा म्हणाले, “दादा, माझा राहिला की हो.” बाहेर अजून तीस-पस्तीस माणसं होती.

लॅपटॉप दिवाळीत घेतलेला, म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांचा. वॉरंटी चालू होती. मे महिन्यातच कंपनीला दोनदा फोन झाला होता आणि दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं: “सर, गर्मी में थोडा गरम होना नॉर्मल है.” पुढच्या महिनाभरात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण केंद्र चालवणारे, डीटीपीवाले, स्पर्धा परीक्षेची पोरं, ऑनलाइन क्लास घेणारे शिक्षक असे आपल्याकडे अनेकजण याच चक्रात अडकलेले मी पाहतो. मशीन दुरुस्त करायचं असो की कंपनीशी भांडायचं असो, सुरुवात एकाच ठिकाणाहून होते. तापमान मोजायचं आणि वहीत लिहायचं. ‘लई तापतो’ या शब्दांना सर्व्हिस सेंटरमध्ये काही किंमत नसते. ‘सकाळी साडेसहाला खोली 29 अंश असताना चार मिनिटांत 98 वर गेला आणि बंद पडला’ या वाक्याला असते.

आधी बॅटरी बघा

हे सगळ्यात आधी, कारण यात जिवाला धोका आहे. लॅपटॉप बंद करून सपाट फरशीवर ठेवा. तो डुगडुगतो का? टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का, क्लिक करताना घट्ट लागतो का? झाकण नीट मिटत नाही, खालच्या कव्हरची फट एका बाजूला रुंदावली आहे, असं काही दिसतं का? यातलं एक जरी असेल तरी बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर लगेच काढा, मशीन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, हवा काढायला म्हणून सुई तर अजिबात लावायची नाही. आत लिथियम आहे, ते भोक पडलं की पेट घेतं. मशीन अंथरूण, कडबा, कागदाच्या गठ्ठ्यांपासून दूर ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरलाच द्या.

बॅटरी ठीक असेल तर पुढे जाऊ.

वही आणि थर्मामीटर

साधं डिजिटल घड्याळ मिळतं, त्यात खोलीचं तापमान दिसतं. ते लॅपटॉपपासून हातभर अंतरावर ठेवा. लॅपटॉपच्या आतलं तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर घ्या. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे. उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा. लांबलचक यादी येईल, तिला घाबरू नका. तुम्हाला तीनच ओळी हव्यात: सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं तापमान (त्यातला ‘मॅक्सिमम’ रकाना), फॅनचा वेग (काही मॉडेलमध्ये दिसत नाही) आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’, ज्याच्यापुढे हो किंवा नाही असं येतं. लिनक्स वापरत असाल तर एलएम-सेन्सर्स (lm-sensors) हे पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये सेन्सर्स ही आज्ञा दिली की आकडे मिळतात.

थ्रॉटलिंग म्हणजे काय हे समजून घ्या, कारण पुढे कंपनीशी बोलताना हाच शब्द कामाला येतो. प्रोसेसरला तापमानाची एक मर्यादा ठरवून दिलेली असते. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची ती 100 अंश आहे, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरची 95 ते 105 च्या दरम्यान. तिथपर्यंत पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. माऊस अडखळतो, फॉर्मचं पान चढायला पाच मिनिटं लागतात आणि आपण नेटवाल्याला शिव्या देतो. वेग कमी करूनही ताप उतरला नाही तर मशीन स्वतःहून बंद पडतं.

मशीन नुसतं चालू ठेवल्यावर 40 ते 55, ब्राउझरमध्ये काम करताना 55 ते 75, जड कामाला 80 ते 90. हे मी माझ्या आणि मित्रांच्या मशीनवर पाहिलेले आकडे आहेत. पातळ लॅपटॉप क्षणभर 95 ला टेकून खाली येत असेल तर काळजीचं कारण नाही. तो तिथेच बसून राहतो किंवा बंद पडतो, तेव्हा काहीतरी बिघडलेलं आहे.

वहीत पाच रकाने करा: तारीख-वेळ, खोलीचं तापमान, काय काम चालू होतं, सर्वाधिक तापमान, काय झालं. चार-पाच दिवस लिहा. शिवाय विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये जाऊन ‘सिस्टम’ची नोंद उघडा. अचानक बंद पडलेल्या वेळेला ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद असते. ही नोंद बॅटरी उतरून मशीन बंद पडलं तरीही होते, म्हणून एकटी ती पुरावा नाही. पण तिच्या आधी ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर 37’ दिसली, तर फर्मवेअरने, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरने, प्रोसेसरचा वेग दाबला होता असा त्याचा अर्थ. दोन्हींचे फोटो काढून ठेवा.

सकाळची चाचणी

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लॅपटॉपचा हिटसिंक, म्हणजे प्रोसेसरला टेकलेला धातूचा भाग, आतली उष्णता खोलीतल्या हवेला देतो. खोलीची हवा बारा अंशांनी तापली तर आतला प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 होतात, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवायचं कमाल तापमान 35 अंश छापलेलं असतं. म्हणजे मेच्या दुपारची तक्रार घेऊन गेलात तर कंपनी ते माहितीपत्रक पुढे करते, आणि कागदावर तिचं बरोबर असतं.

म्हणून तीच चाचणी दोनदा करा. एकदा दुपारी तीनला, एकदा पहाटे साडेपाच-सहाला, खोली 26 ते 30 च्या मध्ये असताना. दोन्ही वेळा मशीन टेबलावर, चार्जर लावलेला, बाकी सगळं बंद. सिनेबेंच आर23 हे फुकट सॉफ्टवेअर प्रोसेसरला दहा मिनिटं पूर्ण राबवतं, ते चालवा. शेजारी एचडब्ल्यूइन्फो आणि खोलीचं घड्याळ एकाच चौकटीत येईल असा मोबाइलवर व्हिडिओ काढा. मध्ये कट नको, सुरुवातीला तारीख-वेळ दिसू द्या.

दुपारी 97 आणि पहाटे 84 आलं, तर मशीन ठीक आहे, हवा वाईट आहे. जागा आणि सेटिंगचे उपाय पुरतील. पहाटेही 95 च्या वर गेलं तर धूळ, प्रोसेसर आणि हिटसिंकच्या मधली पेस्ट, फॅन किंवा हिटसिंक यातलं काहीतरी आहे. माझं मशीन 29 अंशांच्या खोलीत चौथ्या मिनिटाला 98 दाखवून बंद पडलं. उन्हाळ्याचं कारण त्या दिवशी संपलं.

जागा

गादी, उशी, सतरंजी, मांडी: यावर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बंद होते. बहुतेक मशीन खालून हवा घेतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. घरी जमिनीवर बसून काम करायचं असेल तर जेवणाचा पाट घ्या. लाकडी, सपाट, पक्का. त्यावर लॅपटॉप ठेवून मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक जाड खोडरबर द्या. एवढ्यानेच माझ्याकडे चार-पाच अंशांचा फरक पडला. कूलिंग पॅड विकत घेण्याआधी हे करून बघा. मागची बाजू भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर सोडलेली गरम हवाच तो पुन्हा ओढतो.

कूलर असेल तर त्याच्या समोर थेट बसू नका. आपलं बोअरचं पाणी जड आहे. कूलरच्या झोताबरोबर त्याचे बारीक तुषार येतात आणि सुकल्यावर क्षार मागे राहतात. कूलरच्या टाकीच्या कडेला जो पांढरा थर चढतो तोच थर सर्किटवर नको. बाजूला, सात-आठ फुटांवर बसा. ओलं फडकं खाली ठेवणं, बर्फाची पिशवी लावणं, ‘पाच मिनिटं फ्रीजमध्ये’ ठेवणं यातलं काहीही करू नका. गार पृष्ठभागावर हवेतलं बाष्प धरतं, आत पाणी होतं आणि मग वॉरंटीही जाते.

पत्र्याखालच्या दुकानाला एकच खरा उपाय मला सापडला. पत्र्याच्या खाली फूटभर जागा सोडून शेडनेट आणि त्याखाली चटई बांधली. दुपारचं खोलीचं तापमान तीन अंशांनी उतरलं. आणि जड कामं, म्हणजे मोठ्या फायली स्कॅन करणं, अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट, ही पहाटे किंवा रात्री. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ दुकानाच्या वेळेचे लावले तर अपडेटनंतरचा रीस्टार्ट तरी गर्दीत येत नाही.

सेटिंग

कंट्रोल पॅनेल, मग पॉवर ऑप्शन्स, मग प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग, तिथे ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ आणि त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’. तिथे 100 असतं, ते 99 करा. या एका टक्क्याने प्रोसेसरचा ‘टर्बो’, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर उडी मारणं, बंद होतं. फॉर्म भरण्याच्या कामात फरक जाणवत नाही, तापमान मात्र दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं. नव्या काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे सेटिंगमधल्या ‘पॉवर मोड’ला ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ करा.

कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. दिवसभर चार्जर लावूनच बसणाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे. लिथियम बॅटरीला 45 अंशांच्या वर चार्ज होणं सोसत नाही, आणि भरलेली बॅटरी गरम राहिली की लवकर म्हातारी होते.

बॅगेत ठेवलेला लॅपटॉप एसटीतून उतरल्यावर गरम लागतो, ही तक्रारही खूप ऐकतो. झाकण मिटलं म्हणजे तो झोपला असं नाही. नवीन मशीन झोपेतही नेटवरून मेल आणि अपडेट घेत राहतात. प्रवासाला निघताना ‘हायबरनेट’ करा किंवा सरळ बंद करा. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर लॅपटॉप ठेवूच नका.

धूळ

आपल्याकडची धूळ वेगळी आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा, सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्राचं भुसकट, आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या गाड्या सुरू झाल्या की हवेत कापसाचे तंतू. नुसती माती फॅन बाहेर फेकतो. पण तंतू हिटसिंकच्या बारीक पत्र्यांच्या तोंडावर आडवे बसतात आणि मग माती त्यांना धरून राहते. महिन्यागणिक तो थर जाड होतो. बाहेरून जाळीतून बघितलं तर काहीच दिसत नाही, कारण थर असतो फॅन आणि हिटसिंकच्या मध्ये.

वॉरंटी संपलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपचा फॅन मी काढला तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. हिटसिंकच्या तोंडावर राखाडी पट्टी बसली होती, बोटभर लांब, समईच्या वातीसारखी वळलेली. चिमट्याने एका टोकाला धरून ओढली तर अख्खी एका झटक्यात निघाली. तिच्या मागचे तांब्याचे पत्रे नव्यासारखे चमकत होते. त्या वातीने चार वर्षांचं मशीन निकामी ठरवलं होतं.

वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका. त्यात कठीण काही नाही, पण कंपनीच्या हातात निमित्त कशाला द्यायचं? साफसफाईची मागणी लेखी करा आणि त्यांच्याकडूनच करून घ्या. वॉरंटी संपली असेल तर पुढचं वाचा. हात थरथरत असेल किंवा धीर नसेल तर गावातल्या चांगल्या मेकॅनिककडे जा, पण शेजारी बसून करून घ्या. एकदा बघितलं की पुढच्या वेळी सोपं जातं.

तुमच्या मॉडेलचं ‘सर्व्हिस मॅन्युअल’ किंवा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा. टेबलावर पांढरं कापड पसरा म्हणजे स्क्रू हरवत नाहीत. एका कागदावर लॅपटॉपच्या खालच्या बाजूची चौकट काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावा. त्यांची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर थेट कीबोर्डला भोक पडतं. कव्हर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळू सोडवा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो. फॅन साफ करताना त्याच्या पात्यात काडेपेटीची काडी अडकवून तो स्थिर धरा आणि मगच ब्लोअर मारा. मोकळा फॅन हवेने भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग जातात, आणि उलट तयार झालेली वीज बोर्डाला इजा करू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

दोन-तीन वर्षं जुनं मशीन असेल तर पेस्टही बदला. प्रोसेसर आणि हिटसिंक यांच्या मध्ये करड्या रंगाची पेस्ट असते. ती वाळून पापुद्र्यासारखी झाली की उष्णता वर चढत नाही. हिटसिंकच्या स्क्रूंवर आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट्या क्रमाने, थोडं थोडं करून. आकडे नसतील तर तिरपे समोरासमोर घ्या. जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पण चकचकीत चिप पूर्ण झाकली जाईल अशी पातळ पसरवून. पेस्टऐवजी पाऱ्यासारखा चकाकणारा पातळ धातू दिसला तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डावर सांडला की मशीन संपलं. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे लावा. अर्धा मिलिमीटर आणि एक मिलिमीटर यात मोठा फरक पडतो. जाड पॅड लावला की हिटसिंक प्रोसेसरवर टेकतच नाही.

हे काम वर्षातून दोनदा: होळीच्या आधी आणि कापसाचा हंगाम सरल्यावर. पेस्ट मात्र दरवेळी नको.

कंपनीशी बोलताना

मी पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या अधिकृत सेंटरला गेलो तेव्हा हातात फक्त बिल होतं. त्यांनी एसी लावलेल्या हॉलमध्ये मशीन चालू केलं, पंधरा मिनिटं ठेवलं आणि म्हणाले, “आमच्याकडे प्रॉब्लेम आलाच नाही.” जॉबशीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं, मी सही करून परत आलो. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. तो मेसेज वाचून आलेला संताप मला आजही आठवतो. पण चूक माझीही होती. सही मी केली होती.

म्हणून फोनवर अवलंबून राहू नका. फोन केला तरी त्याच दिवशी ई-मेल करा. विषयात मॉडेल, सिरीयल नंबर आणि तक्रार क्रमांक. मजकूर छोटा ठेवा. मी पाठवलेला साधारण असा होता:

“दि. ... रोजी घेतलेला हा लॅपटॉप वॉरंटीत आहे. खोलीचं तापमान 29 अंश असताना, टेबलावर, चार मिनिटांत प्रोसेसर 98 अंशांवर जाऊन मशीन आपोआप बंद होतं. खोलीचं हे तापमान आपल्या माहितीपत्रकातल्या मर्यादेच्या आत आहे. पाच दिवसांची नोंद, व्हिडिओ आणि बिल सोबत जोडलं आहे. फॅन, हिटसिंक आणि पेस्ट तपासून दोष दूर करावा आणि केलेल्या तपासणीचे आकडे लेखी द्यावेत.”

ते तुम्हाला विंडोज रीसेट करा, बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा म्हणतील. बायोसचं जरूर करा, फॅनच्या वागण्यात त्याने खरंच सुधारणा होऊ शकते. फक्त पूर्ण चार्ज असताना आणि इन्व्हर्टर चालू असताना. मध्ये लाईट गेली तर मशीन उठणार नाही. रीसेटच्या आधी सगळी माहिती बाहेर काढून ठेवा. प्रत्येक पायरी केल्यावर तीच चाचणी पुन्हा करून आकडा कळवा. मग त्यांना तेच पुन्हा सांगता येत नाही.

सेंटरला जाताना चार्जर सोबत न्या. मशीन देण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढा, पासवर्ड बदलून तात्पुरता ठेवा, ग्राहकांचे आधार आणि पासबुकाचे फोटो हार्डडिस्कवर सोडू नका. जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात ‘हीटिंग’ एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबवा आणि ‘29 अंशांत पूर्ण भारावर 4 मिनिटांत बंद’ असं लिहून घ्या. परत घेताना ‘दुरुस्ती समाधानकारक’ या ओळीखाली लगेच सही करू नका. तिथेच सिनेबेंच चालवायला सांगा. नाही म्हणाले तर ‘चाचणी न करता ताब्यात घेतलं’ असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा. जॉबशीटची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

दुसऱ्या खेपेला मी वही काउंटरवर ठेवली. इंजिनिअर पोरगा परभणीकडचाच निघाला. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, “सर, असं कुणी लिहून आणतच नाही.” आणि आत घेऊन गेला.

तरीही होत नसेल तर

ऑनलाइन दुकानातून घेतलं असेल तर त्या दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची असते.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. मराठीत बोलता येतं, ऑनलाइन आणि ॲपवरूनही तक्रार टाकता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. माझ्या बाबतीत तेवढ्याने काम झालं. मे महिन्यापासून जी कंपनी ‘नॉर्मल’ म्हणत होती, तिचा फोन चौथ्या दिवशी आला. तक्रारीत वहीच्या पानांचे फोटो जोडा.

तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, आणि त्यात आपल्यासारख्या दूरच्या माणसाच्या फार उपयोगाची तरतूद आहे: तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तिला परभणीला, बीडला, हिंगोलीला उत्तर द्यावं लागतं. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावणं बंधनकारक नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. ई-जागृती पोर्टलवर, जे 1 जानेवारी 2025 ला सुरू झालं, घरबसल्याही करता येते. त्याआधी कंपनीला आणि विक्रेत्याला पंधरा दिवसांची मुदत देणारी साधी नोटीस स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

दुकानदार आणि केंद्रचालकांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ धरला जात नाही, आणि कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की हा लॅपटॉप मी स्वतः वापरतो आणि त्यावर माझ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह चालतो. नोकर-चाकरांसाठी दहा मशीन घेतली असतील तर गोष्ट वेगळी.

मागणी करताना स्पष्ट लिहा: दुरुस्ती, बदलून देणं किंवा पैसे परत, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई. सेंटरला केलेल्या खेपांची तिकिटं आणि बंद राहिलेल्या दिवसांचा हिशोब सोबत जोडा. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर त्या जुलैतले न भरलेले फॉर्म तारखेनिशी लिहिलेले होते. आजोबांचा पुढच्याच दिवशी भावाच्या लॅपटॉपवरून भरला.

मशीन परत आल्यावर पिशवीतून काढून लगेच गर्दीच्या कामाला लावू नका. तीच जागा, तीच पहाटेची वेळ, तीच दहा मिनिटं, पुन्हा मोजा. माझ्या मशीनचा हिटसिंक सैल बसवलेला निघाला. फॅन आणि हिटसिंक दोन्ही वॉरंटीत बदलले. वहीतली त्यानंतरची पहिली नोंद अशी आहे: सकाळ 5:50, खोली 27, सिनेबेंच दोन फेऱ्या, सर्वाधिक 81, बंद पडलं नाही. त्या पानाचा फोटो मी हेल्पलाइनच्या तक्रारीत चढवला, आणि मगच तक्रार बंद करायला ‘हो’ म्हणालो.